बायकांची औषधे पिणारे बापूकाका

आमच्या गिरगावातल्या वाडीत बापूकाका नावाचे एक साठीचे गृहस्थ आहेत. ते बायकांची औषधे पितात. विटाळाच्या पोटदुखीवर कुणाच्याही घरी बाटली आली, की बूच निघायच्या आत हे पगडी सावरत हजर. पहिला घोट यांचा.

"अहो, तुम्हाला कुठे ते दुखणं! गुण आला हे कळणार कसं?" मी एकदा विचारले.

"गुण येतो की नाही ते तुम्ही सांगा. जीव घेतं की नाही ते मी सांगतो."

मग औषध जिभेवर घोळवून ते निकाल देतात. "सुंठ आहे. पास." "नुसती दारू. नापास!" सारी वाडी त्यांना हसते. मीही हसत होते.

गेल्या पौषात मी बाहेरची होऊन मागच्या पडवीत घोंगडीवर तळमळत पडले होते. चार दिवस मला कुणी शिवायचे नाही. ताट जमिनीवरून सरकवायचे, पाणी वरून ओतायचे. सासूबाईंनी नाक्यावरून बाटली आणवली. तिच्यावर हसऱ्या मडमेचे चित्र आणि 'स्त्रियांच्या सर्व वेदना तत्काळ दूर' ही ओळ. आत काय आहे, त्याबद्दल एक अक्षर नाही! आम्ही कळवळून काहीही गिळू, याची विकणाऱ्याला खात्री. आणि घरच्यांना काय हवे? आमचे कण्हणे थांबावे, एवढेच.

बापूकाका आले, प्याले. घटकाभरात पायरीवर बसल्या बसल्या त्यांची मान लोंबू लागली.

"अफू आहे, वहिनी," ते पुटपुटले. "ना... पास."

बायका पदराआड हसल्या. दुपारी जाग येताच त्यांनी बाटली मोरीत ओतली, चुलीवर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळली आणि ते सरळ पडवीत आले. वीट माझ्या हातात दिली. वर कपाळाला हात लावून पाहिला.

"भावोजी! शिवलात की तिला!" सासूबाई किंचाळल्या.

"शिवलो. आंघोळ करतो."

विहिरीवर जाऊन त्यांनी अंगावर घागर ओतून घेतली. वीट निवली, तशी दुसरी आणली. पुन्हा विटाळ, पुन्हा विहीर. तिसरी वीट घेऊन आले तेव्हा म्हातारा कुडकुडत होता, आणि सासूबाई अजून सोवळ्याचेच बोलत होत्या. माझे डोके भणाणले.

"बापूकाका, जमिनीवर ठेवा. मी घेईन ना."

ते तसेच निथळत उभे राहिले.

"माझ्या लेकीची, दुर्गीची बाटली मी जमिनीवरच ठेवली होती. मडमेचं चित्र होतं तिच्यावरही. पोर शांत निजली म्हणून मी खूश. दिवसभर दारातूनच बघत बसलो. हात लावला असता, तर अंग गार पडतंय हे कळलं असतं."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी वीट माझ्या हातात दिली, माझे कपाळ चाचपले.

"गरम आहे," ते म्हणाले. "पास."

आणि विहिरीकडे निघाले.