काटेभाऊंच्या मनगटावरील सुगंध

एका सज्जन गृहस्थाच्या डाव्या मनगटामुळे एक कारखाना व एक सुखी संसार कसा ढवळून निघाला, हे पुढील कथेत निवेदन करण्याचे योजिले आहे. वाचकांनी सहानुभूतीपूर्वक वाचावे.

काटेभाऊ वजनकाटे दुरुस्त करीत. हे नाव कारखान्याने दिलेले; घरी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. पत्नी निवर्तल्यापासून ते कुलूप उघडताना मुद्दाम खोकत, जणू आत कोणी दचकू नये.

एकदा दुपारच्या सुट्टीत ते समोरच्या मोठ्या दुकानात बल्ब आणावयास गेले. तेथे अत्तरांच्या काउंटरवरील मुलगी "काका, हात द्या," म्हणाली आणि तिने त्यांचे मनगट धरून त्यावर फवारा मारला. दूरच्या वर्षावनातील टोंका नावाच्या झाडाच्या काळ्या, सुरकुतलेल्या बीवरून हा सुगंध सुचला आहे, प्रथम ताजा वाटतो व मग उबदार होत जातो, असे तिने पाठ केल्यासारखे सांगितले. काटेभाऊंचे त्या बीकडे लक्षच नव्हते. त्यांचा हात कोणी हातात घेतल्याला कैक वर्षे लोटली होती.

बल्ब राहिला. काटेभाऊ मात्र रोज दुपारी "अजून विचार करतोय," असे सांगून फवारा मारून घेऊ लागले.

ज्या कारखान्यात मशीनच्या तेलाखेरीज कशाचाही वास नसे, तेथे हा सुगंध वरातीसारखा शिरला. वेल्डरने दोनदा नाक वर केले आणि काटेभाऊंचे कुठेतरी जमले आहे, असे जाहीर केले. काटेभाऊ नाही म्हणणारच होते. पण त्याच क्षणी चहाच्या बाकावर सर्वांनी सरकून त्यांना मधोमध जागा दिली. तो नकार त्यांनी चहाबरोबर गिळला.

फोरमन त्यांच्या थोरल्या भावाच्याच गल्लीत राहत. ज्या दादांना वर्षभर धाकट्याची आठवण झाली नव्हती, त्यांचा त्याच रात्री फोन आला, की रविवारी दोघेही जेवायला या.

काटेभाऊ एकटेच गेले. चार ताटे मांडलेली पाहून त्यांचा धीर सुटला.

"दादा, तशी कुणी नाहीच. तो दुकानातला वास आहे."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "भांडलात ना, भावोजी?"

मग चूक कोणाचीही असो, माफी आपणच मागावी, आपला संसार त्यावरच टिकला आहे, असा उपदेश दादांनी केला व वहिनींनी तिच्या वाटणीचे जेवण डब्यात भरून दिले. घरी येऊन काटेभाऊंनी तेही संपविले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनींचा फोन आला. तिला आवडले का, असे त्या इतक्या मायेने विचारीत होत्या, की काटेभाऊंना पुन्हा खरे सांगवेना. मात्र जन्मभर काटा अचूक लावलेला मनुष्य. निव्वळ स्तुती त्यांना खोटी वाटली.

"छान झालं होतं म्हणाली. मीठ जरा कमी वाटलं."

पलीकडे भांडे आपटल्याचा आवाज आला.

"अजून उंबरा ओलांडला नाही, तोवर नावं ठेवायला लागली? भावोजी, ही बाई तुम्हाला सुखानं जेवू द्यायची नाही."

लगेच फोन दादांच्या हाती गेला व निकाल लागला. हे प्रकरण मोडावे. काटेभाऊंचे मन सावरेपर्यंत त्यांनी दर रविवारी येथेच जेवावे, एकट्याने. वहिनींची अट एकच, की तो वास घरात येता कामा नये.

त्या दुपारी ते काउंटरपाशी गेले. मुलीने सवयीने हात पुढे केला. काटेभाऊंनी आपला हात खिशात घातला.

"नको, बाळ. घरच्यांना पसंत नाही."

'घरच्यांना' म्हणताना त्यांची मान अभिमानाने ताठ झाली होती. मुलीने मात्र तोवर मागच्या गिऱ्हाइकाचे मनगट धरले होते.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
कारखान्यातील रंगारी