कोल्हा बोलावण्याचा प्राथमिक वर्ग

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, करवंदीच्या जाळ्या होत्या आणि प्रत्येक गोष्टीचे वर्ग होते. पोहण्याचा वर्ग बदक घेत असे, हे तुम्हालाही पटेल. पण उडण्याचा वर्ग कासव घेत असे आणि गर्दी तिथेच जास्त होई. कासव फार सावकाश समजावून सांगतं, असं सगळे म्हणत.

त्या जंगलात रखमाजी नावाचा ससा राहत होता. बायको ठकूबाई आणि तीन पिल्लं. तीन म्हणजे आधी तीन होती. थोरल्याला ओढ्यापलीकडच्या कोल्ह्याने भरदुपारी उचलून नेलं. तेव्हापासून रखमाजीला घास गोड लागेना. उरलेली दोन पिल्लं जाळीबाहेर नाक काढायला लागली की तो त्यांना कानाला धरून आत ओढायचा.

ठकूबाई म्हणाली, टेकडीपलीकडे जाऊ, तिकडे माझा भाऊ आहे, गवत कमरेएवढं आहे, पाय शाबूत आहेत तोवर निघू. साधी बाई होती. कुठल्या वर्गाला गेलेली नव्हती.

रखमाजी मात्र बेहड्याच्या झाडावरची पाटी वाचून आला होता. 'कोल्ह्याचा त्रास आहे? मग कोल्ह्यालाच बोलवा! श्वापद-पाचारण प्राथमिक वर्ग. पूर्वानुभवाची अट नाही. मार्गदर्शक : प्राध्यापक हुंकारे.'

हे हुंकारे सर म्हणजे तरस. त्यांनी स्वतः एकही कोल्हा कधी बोलावला नव्हता, मारणं तर लांबच. पण शिकारीनंतर मागे काय उरतं, या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

पद्धत साधी होती, मुलांनो. झुडपात दबा धरून बसायचं. वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपला वास पुढे जात नाही. मग बांबूच्या पिपाणीतून जखमी सशाची किंकाळी काढायची. कोल्ह्याला वाटतं, आयतं जेवण पडलंय. तो येतो. माणसंसुद्धा असंच करतात म्हणे. फक्त माणसांच्या हातात बंदूक असते.

पहिल्या दिवशी साहित्याची ओळख झाली. वर्गात रखमाजीच्या शेजारी केरबा साळिंदर बसला होता. कोल्हा केरबाच्या वाटेला जन्मात गेला नव्हता. पण केरबाला संध्याकाळी वेळ जात नसे. त्याने वेलींचा झगा, पानांची टोपी आणि तीन पिपाण्या घेतल्या होत्या. काट्याकाट्यांत पालापाचोळा खोवला होता. साळिंदर मुळातच झुडपासारखं दिसतं, पण हे त्याला सांगणार कोण? सरांनी त्याला वर्गाचा प्रमुख केलं.

दुसऱ्या दिवशी स्थिर बसण्याचा पाठ झाला. सर म्हणाले, सशाच्या जातीला एक वाईट खोड असते, ती म्हणजे पळणं. खुट्ट झालं की पळतात, त्यामुळे हा समाज मागे राहिला. रखमाजीला ते मनापासून पटलं. सर त्याच्यामागे वाळकी फांदी मोडायचे. तो उडाला की गुण कापायचे. चौथ्या दिवशी त्याच्या शेपटीवर बेहड्याचं फळ पडलं, तरी गडी हलला नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर ठकूबाईने जाळी जोरात हलवून पाहिली. रखमाजी शांत बसून होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, दचका तरी," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी किंकाळी शिकवली. सरांनी पिपाणी फुंकली. तेल न घातलेल्या चाकासारखा आवाज निघाला. केरबाने तसाच काढला आणि शाबासकी मिळवली. मग रखमाजी उठला. पिपाणी बाजूला ठेवून, थोरल्याची आठवण काढून, तो तोंडानेच किंचाळला. ओढ्याकाठचे बगळे उडाले.

सरांनी मान हलवली. "रखमाजी, प्रयत्न चांगला आहे. पण यात ससा दिसत नाही. तुम्ही फार वैयक्तिक ओरडता."

रखमाजीला स्वतःची लाज वाटली. रात्रंदिवस पिपाणी फुंकून त्याने आपला आवाज सरांच्या सशासारखा करून घेतला. मग धीर करून त्याने एक शंका विचारली.

"सर, कोल्हा आल्यावर काय करायचं?"

काही जणांनी रखमाजीकडे कीव करत पाहिलं.

"तो भाग प्रगत वर्गात आहे," सर म्हणाले. "आधी पाया पक्का करा."

त्या रात्री ठकूबाईनेही नेमकं तेच विचारलं. रखमाजीने तिला सरांचं उत्तर जसंच्या तसं दिलं. मग तिने पिल्लांना पोटाशी घेतलं आणि पाठ फिरवली. मला तिचा राग समजतो, बाळांनो. असल्या उत्तरावर दुसरं काय करणार?

परीक्षा ओढ्याकाठच्या माळावर सकाळी ठेवली होती. विद्यार्थी आपापल्या झुडपात बसले. सर लांबच्या टेकाडावर बसले, कारण परीक्षकाने अंतर राखायचं असतं. पहिला क्रमांक रखमाजीचा. त्याने वारा तोंडावर घेतला. एकदा पिपाणी फुंकली. थांबला. पुन्हा फुंकली. सगळं अगदी पाठात सांगितल्याप्रमाणे.

आणि कोल्हा आला. तोही पाठात सांगितल्याप्रमाणे.

वीस पावलांवर आला तेव्हा रखमाजीचे पाय म्हणाले, चल. त्याच्या बापाने त्याला काही दिलं असेल तर ते हे पायच. पण त्याला वाटलं, आपण पळालो तर हा उपाशी कोल्हा सरळ जाळीकडे जाईल. सरांना पुढचं काहीतरी ठाऊक असेलच. त्याने टेकाडाकडे पाहिलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

रखमाजी बसून राहिला. कोल्ह्याने त्याला मानेला धरून उचललं. तेव्हा त्याने पिपाणी टाकली आणि तोंडानेच ओरडला.

टेकाडावर सरांचे डोळे भरून आले. विद्यार्थ्यांना ते म्हणाले, नीट ऐका, आता कुठे ससा दिसतोय. केरबाने पळसाच्या पानावर टिपून घेतलं. झुडपांतून एक जण हलला नाही. परीक्षा चालू होती ना.

आठ दिवसांनी प्रमाणपत्रांचा समारंभ झाला. रखमाजीला मरणोत्तर पहिला वर्ग मिळाला. प्रमुख पाहुणे म्हणून कोल्हा आला होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो थोडक्यात आणि छान बोलला. पूर्वी फार पायपीट व्हायची, म्हणाला. कोण कुठे राहतो ते कळत नसे. आता नवी पिढी स्वतःहून कळवते, तेही स्पष्ट आवाजात. असे वर्ग जाळीजाळीत निघावेत, अशी त्याने इच्छा व्यक्त केली. सभेला ते फार आवडलं.

मग ठकूबाईला प्रमाणपत्र घ्यायला बोलावलं. ती दोन्ही पिल्लांना घेऊन वर चढली. प्रमाणपत्राला तिने हात लावला नाही.

"त्यांना ओरडायला आधीपासून येत होतं," ती म्हणाली. "पळायलाही येत होतं. पळणं तेवढं तुम्ही विसरायला लावलंत."

सभा जराशी चुळबुळली. हुंकारे सर मात्र मोठ्या मनाचे. त्यांनी तिच्या भावना समजून घेतल्या. तुमच्या आवाजात गुण आहे, म्हणाले, थोडी मेहनत घेतलीत तर नवऱ्याचं नाव काढाल. प्रवेशाचा कागदही त्यांनी पुढे केला.

ठकूबाईने पिल्लांना एकच शब्द सांगितला. तिघांनी मंचावरून उडी घेतली. खुर्च्यांखालून, केरबाच्या झग्यावरून, ओढा ओलांडून, टेकडी चढून तिघं दिसेनाशी झाली. कोल्हा जागचा उठला नाही. त्या दिवशी त्याचं पोट भरलेलं होतं.

असल्या अडाणी बाईमुळे समारंभाला गालबोट लागलं, असं सगळ्यांचं मत पडलं. पण कामं अडली नाहीत. प्राथमिक वर्गाच्या नव्या जागा त्याच सभेत भरल्या. दोन सशांनी तर सहकुटुंब नावं दिली. केरबाने प्रगत वर्गात प्रवेश घेतला. कोल्हा आल्यावर काय करायचं, हे त्यात एकदाचं शिकवणार होते. तो वर्ग कोल्हा स्वतः घेणार होता.

तात्पर्य : संकट दिसताच पळणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. शिकल्यासवरल्या प्राण्याने संकटाला आधी शास्त्रशुद्ध पद्धतीने बोलवावं आणि मग न हलता बसून राहावं. पुढचं सगळं आलेला पाहुणा बघून घेतो.