फणसाखालचा नागप्पा

विठोजींच्या परसाच्या भिंतीपलीकडे फणसाचं मोठं झाड होतं. झाड रेल्वेच्या जागेत, पण निम्म्या फांद्या यांच्या परसात. त्यामुळे फणस आपलाच, असं तीन पिढ्या या घराने बिनदिक्कत धरलं होतं. व्हाइटफील्डच्या बाजूला एवढे गोड गरे दुसरीकडे मिळत नाहीत, हे विठोजी येईल त्याला ऐकवत, पण खायला कुणाला देत नसत.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांच्या पत्नी अंबुबाई ओरडतच आत आल्या. "अहो, या आधी! फणसाच्या खोडावर कुणीतरी लाल रंगानं सातचा आकडा लिहून गेलंय!"

विठोजी धावत परसात आले. गाड्यांशी बोलायला रेल्वे तिथे वायरलेसचा टॉवर आणि यंत्रांची खोली बांधणार, हे गल्लीभर झालं होतं. "नंबर पडला म्हणजे कुऱ्हाड आलीच!"

"मग त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा की."

"विचारलं की ते कागद दाखवणार. आपण स्वल्प डोकं चालवू."

बेंगळुरात झाडाखाली नागाची शिळा बसली की रस्तासुद्धा त्या झाडाला वळसा घालून जातो. विठोजी तडक पाथरवट शिवाप्पाकडे गेले. त्याच्याकडे फण्याचा टवका उडालेली एक शिळा वर्षानुवर्षं पडून होती. ती रिक्षात घालून आणली आणि फणसाखाली बसवली.

"नागप्पा पिंपळाखाली असतो," अंबुबाई म्हणाल्या. "फणसाखाली कधी ऐकलाय?"

"त्याला सावलीशी मतलब."

"आणि पाप लागलं तर?"

"प्राणप्रतिष्ठा केली तर देव. नाही केली तर नुसता दगड. दगड ठेवायला कसलं आलंय पाप?"

नको नको म्हणत अंबुबाईंनी हळद मात्र सढळ हाताने फासली.

तिसऱ्या दिवशी रेल्वेचे इंजिनियर वादिराज आले. माणूस बेळगावकडचा, मराठी चांगलं बोलणारा. शिळा पाहून त्यांनी बूट काढले, हात जोडले, शिळेच्या मागच्या बाजूला वाकून जरा निरखून पाहिलं.

"अण्णा, हा कधीपासून इथं?"

"आमच्या आज्याच्या आज्यापासून!" विठोजींनी ठोकून दिलं.

वादिराज काहीतरी सांगणार होते, पण त्यांनी हातातली फाइल मिटली. "सरी, ठीक आहे. टॉवर रुळांच्या पलीकडे होतोय. काळजी नको."

त्या दिवशी विठोजींनी लागोपाठ तीन कप कॉफी घेतली. अंबुबाईंना मात्र आनंद पोटात ठेवता येईना. त्यांनी शेजारच्या जमनाबाईंना एवढंच सांगितलं, की नागप्पाने रेल्वे परतवली. जमनाबाईंना एवढं पुरलं.

आठवड्यात बायकांच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. मग कट्टा आला, लोखंडी कठडा आला, पहाटे पाचला लाउडस्पीकर आला. एका रविवारी लोकांनी भटजी बोलावून रीतसर प्राणप्रतिष्ठाही करून टाकली. विठोजी खिडकीतून बघत राहिले. आता तो दगड राहिला नव्हता.

आणि मेमध्ये फणस पिकले. वास घरभर सुटला. विठोजींना राहवेना. ते आकडी घेऊन भिंतीवर चढले, आणि खालून दहा-पंधरा बायका एकदम ओरडल्या.

"अय्यो! देवाच्या झाडाला हात लावताय? तुम्हीच, अण्णा?"

"छे छे! पाला झाडत होतो," म्हणत विठोजी उतरले. वय झालेलं, गुडघा सोलला, वर अब्रू.

फणस आता देवाचा, तेव्हा प्रसाद म्हणून वाटायचा ठरला. विठोजी उन्हात रांगेत उभे राहिले आणि अर्ध्या तासाने त्यांच्या तळहातावर दोन गरे पडले. मागे वळतात तर रांगेत वादिराज.

"अण्णा, एक सांगू? रागावू नका. लोकांच्या हरकती आल्या म्हणून आम्ही झाडं मोजली होती. लाल आकडा म्हणजे राखायचं झाड. टॉवर तेव्हाच पलीकडे हलवला होता. मी त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"शिळेच्या पाठीवर खडूनं शिवाप्पाचा मोबाइल नंबर होता. म्हटलं, एवढा खटाटोप केलाय, कशाला हिरमोड करायचा?"

विठोजी घरी आले आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळे झाले. अंबुबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन्ही गरे खाल्ले आणि आठळ्या धुऊन ओट्यावर ठेवल्या.

"परत जाऊन रांगेत उभे राहा," त्या म्हणाल्या. "दोन आठळ्यांत सांबार होत नाही."