रुसलेली आत्या फोटोत कशी आली

ह्यातला एक शब्द जरी खरा मानलास तर मानलं तुला. कुरुंदवाडच्या सुकुमार फोटोवाल्याची लेन्स इतकी रुंद हुती, की लग्नघरातनं रुसून बेळगावला गेलेली आत्या त्याच्या फोटोत आली. हसतोस काय? अजून नीट बसलाबी न्हाईस.

आत्या म्हंजे हौसाक्का. आण्णा मगदुमाची धाकटी बहीण, जयसिंगपूरला दिलेली. बाई सगळ्या बाजूनं गुणाची, पण भावाच्या घरचं एक कार्य तिनं न रुसता पार पडू दिलं न्हाई. रुसायची तीबी नेमकी फोटोच्या वेळंला. सगळी ओळीत उभी राहिली की ही पदर झटकून चालू लागायची. मग आण्णाच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडून फोटो काढायचा, हा त्या घरचा रिवाज. बारशाचा अल्बम बघ, वास्तुशांतीचा बघ, जागा मोकळी. पावणं विचारायचं, "हितं कोण?" घरातली सांगायची, "हितं हौसाक्का. रुसलीया."

दुसऱ्या दिवशी आण्णा पेढे घेऊन तिच्या दारात. "चुकलं हौसा. चल घरला." एरवी भावाला ऊस आणि सोसायटी सोडत न्हवती. बहिणीच्या दारात तो यायचा तो तेवढ्यापुरताच. आता कळलं का, बाई रुसवा का जपत हुती?

तर आण्णाच्या अभिनंदनचं लगीन ठरलं आणि त्याच वक्ताला सुकुमारनं नवी लेन्स घेतली. अख्खी भावकी फोटोत बसवायची म्हणून मागं सरकता सरकता तो दोनदा गटारीत गेला हुता. त्याचा कॅमेरा मिररलेस, म्हंजे आत आरसा नसतो म्हणं. त्याला लावायची रुंद लेन्स लई महाग, म्हणून त्यानं स्वस्तातली मागवली. स्वस्तातली म्हंजे हातानं फिरवायची. ती आपणहून कुणाकडं बघत न्हाई, आपण तिच्यावरचं गोल कडं फिरवून सांगायचं, बाई गं, हिकडं बघ. कड्यावर आकडे असत्यात. एक मीटर, दोन मीटर, आणि शेवटी आडवा झोपलेला आठ. आठाच्या पुढं आकडाच न्हाई. आठावर लावलं की पुढचं झाडून सगळं लख्ख.

साखरपुड्याला वहिनीनं हौसाक्काच्या हातात साडी दिली आणि कुंकू लावायचं इसरली. झालं. हौसाक्का तडक एसटीत बसून जयसिंगपूरला. सुकुमारनं जागा मोकळी सोडली, कडं आठावर लावलं, फोटो काढला. बघतो तर डाव्या कडंला हौसाक्का. आपल्या सोप्यात बसून शेंगाची चटणी भाकरी खात हुती. कडंला आलेलं माणूस त्या लेन्सीत जरा पसरतं, तशी पसरलेली, पण हौसाक्काच.

दुसऱ्या दिवशी आण्णाच्या घरात बैठक बसली. पिराजी काका महसूल खात्यातनं सर्कल म्हणून रिटायर झालेले. ते चष्मा लावून म्हणले, "प्रश्न असा हाय, की फोटोत असलेलं माणूस कार्याला हजर धरायचं का गैरहजर?"

वहिनी म्हणली, "फोटोत हाय म्हंजे हजर."

"मग हजर माणूस रुसलेलं धरता येत न्हाई," काका म्हणले. "शिवाय ती जेवती आहे. उपाशी न्हाई. रुसवा नामंजूर."

आण्णानं फोन लावला. "हौसा, अगं तू हायस की फोटोत."

"मी घरात हाय!"

"घरातबी असशील. पण फोटोतबी हायस. आणि भाकरी खाल्लीस. मग मी काय करायला येऊ? ऊसाला तोड आलीया, कारखान्याची टोळी रानात हाय."

फोन ठेवला गेला. हौसाक्का उंबऱ्यावर बसून राहिली. तिनं दुपारपासनं पेढ्यासाठी ताटली पुसून ठेवली हुती. तिला वाटलं, जवळ गेले म्हणून घावले. लांब जायला पायजे.

हळदीला कारण शोधायला लागलं. हळकुंडं बारकी हायत म्हणून ती रुसली आणि नणंदेकडं बेळगावला गेली. सुकुमारनं कडं आठावर लावलं. डाव्या कडंला हौसाक्का, हातात कुंद्याची वाटी, नणंदेच्या कायतर बोलण्यावर खदाखदा हसताना. मागं बेळगावच्या घराचं फाटक, त्यावरचं नाव वाचता यायचं इतकं साफ.

आण्णाचा फोन आला. "हौसा, लई झ्याक आलीयास! असं हसताना मी तुला कधी बघितलंच न्हवतं."

"आण्णा, मी रुसलीया."

"काका म्हणत्यात, हसणारं माणूस त्यात बसत न्हाई. कुंदा आण येताना."

त्या रातीला तिला झोप न्हाई. बेळगावात घावलं, तर बेंगलोरात घावणार, काशीला घावणार. मोकळी जागा गेली, म्हंजे भाऊ दारात यायचा तो गेला.

लग्नादिवशी ती सगळ्यांच्या आधी कार्यालयात. सुकुमार कॅमेऱ्याची तिवई उघडत हुता.

"सुकुमार, मला वगळ."

"आत्या, मी कुठं घेतोय? तुम्ही येताय."

"मग कडं फिरव. मला धूसर कर. धूसर माणूस हजर धरत न्हाईत, मी काकांस्नी इचारून आलीया."

सुकुमार खाली बसला, तिला नीट समजावून सांगू लागला. "आत्या, महागातली लेन्स असती तर एकट्याला धूसर केलं असतं. ही स्वस्तातली, त्यात रुंद. आठावर लावली की दोन पावलापासनं पार काशीपतूर समदी स्पष्ट. लांब जाऊन तुम्ही सुटणार न्हाईसा."

"मग कुठं जाऊन सुटणार?"

सुकुमारनं डोकं खाजवलं. "जवळ. लेन्सीच्या वीतभर पुढं. तेवढीच जागा तिला दिसत न्हाई. बाकी जगात कुठं न्हाई."

हौसाक्कानं नाक पुसलं आणि म्हणली, "मग बेळगावचं तिकीट उगंच काढलं की रं."

अक्षता पडल्या. भावकी स्टेजवर उभी राहिली, नवरा-नवरी मधी, आण्णाच्या डाव्या हाताला सवयीनं जागा मोकळी. आणि हौसाक्का रुसली. ह्या खेपेला कारणबी सांगितलं न्हाई. तरातरा चालत आली आणि लेन्सीला नाक लावून उभी राहिली.

"आत्या, सरका की," नवरी म्हणली.

"मी न्हाईच हितं. मी रुसून गेलीया."

वहिनी म्हणली, "अवो वन्सं, पंगत खोळंबलीया!"

"गेलेल्या माणसाला काय सांगतीस?"

सगळ्यांनी काकांकडं बघितलं. काका स्टेजवरनं उतरले, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकावले. पडद्यात नुसता हौसाक्काच्या साडीचा जांभळा धूर. "धूसर हाय," ते म्हणले. "दिसण्यात न्हाई. गैरहजर. रुसवा मंजूर." आणि परत आपल्या जागंवर जाऊन उभे राहिले.

मग आण्णाला इलाज राहिला न्हाई. फेटा सावरत खाली आला. बहीण पाठमोरी, तिच्या पुढं जायला जागा न्हाई, पुढं लेन्स. म्हणून तिच्या खांद्याच्या मागनंच त्यानं हात जोडले.

"हौसा. चुकलं."

"काय चुकलं?"

आण्णा हळू म्हणला, "ऊसाला तोड न्हवती आली."

हौसाक्कानं मान वळवली न्हाई. "सुकुमार," ती म्हणली, "काढ."

तो फोटो आण्णाच्या सोप्यात लावलाय. सगळा जांभळा, नवरा न्हाई, नवरी न्हाई. एका कडंला तेवढा आण्णा, फेटा वाकडा, हात जोडलेले, डोळ्यातलं पाणी मोजावं इतका लख्ख. पावणं इचारत्यात, "हे कुणाचं लगीन?" आण्णा सांगतो, "हौसा रुसली हुती त्या दिवशीचा हाय." दर सोमवारी जातो आता तो जयसिंगपूरला. कार्य असो, नसो.

काय बघतोस माझ्या तोंडाकडं? सुकुमारला इचार जाऊन. ऊठ, जा आता, मला चूल पेटवायचीया.