अक्षरांचा मानपान

"हे कुणी मोठं केलं?"

सुलेखाने एवढंच विचारलं. पण तिचा आवाज खालच्या पिठाच्या गिरणीवर चढला, तेव्हा गेमचा प्रोग्राम लिहिणाऱ्या सुयशने मान खाली घालून कपातला चहा प्यायला सुरुवात केली. कपात चहा नव्हता.

समोर स्क्रीनवर त्यांचा गेम चालू होता. नाव 'ट्रॉली'. मोसंबीने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची आणि खड्डे चुकवत, मोसंबी न सांडता मोंढ्याच्या बाजारापर्यंत न्यायची. पुढे खड्डा असला की रस्त्याच्या कडेला 'खड्डा' अशी छोटीशी पाटी दिसायची. आज ती पाटी एवढी फुगली होती की तिच्यामागे खड्डाच लपला होता. ट्रॅक्टर त्या अक्षरांत शिरला आणि मोसंबी दुसऱ्या बाजूने घरंगळत बाहेर आली.

ही अक्षरं सुलेखाची होती. धावत्या ट्रॅक्टरवरून नजर न काढता वाचता यावीत, बारीक असतानाही 'घ' आणि 'ध' एकसारखे दिसू नयेत, म्हणून एकेका अक्षराशी भांडून तिने ती काढली होती. त्याआधी ती शहागंजमध्ये कचरूशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात होती. तिथे दिवसभर दोनच वाक्यं कानावर पडायची, "ताई, नाव मोठं करा" आणि "ताई, सोनेरी करा." वाढदिवस असो की दशक्रिया, सोनेरीच. शेवटी एके दिवशी ती माऊस आपटून बाहेर पडली, ती पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची नाही असं ठरवूनच.

रविवारी पुण्याच्या कंपनीच्या करुणा मॅडम गेम बघायला येणार होत्या. त्यांनी तो घेतला तर सुलेखाची अक्षरं घरोघरी जाणार होती. नाही घेतला, तर पुंडलिकनगरातल्या ऑफिसच्या या दोन खोल्यांना कुलूप लागणार होतं. कचरूशेठ अधूनमधून फोन करून प्रेमाने सांगायचा, "ताई, खुर्ची तुमच्यासाठीच ठिवलीय हां." त्या फोननंतर तिला जेवण जात नसे.

"सुयश, मी काय विचारते?"

"काकांनी सांगितलं," सुयश म्हणाला.

काका म्हणजे बिडकीनचे काकासाहेब. गेममध्ये पैसे घातलेले तेच. त्यांनी गेमच्या सुरुवातीला फक्त आपलं नाव टाकायला सांगितलं होतं. ते त्यांचे साडू अप्पाराव यांनी पाहिलं. मग अप्पारावांचंही नाव आलं, पण खाली आणि जरा बारीक. त्यावर अप्पाराव एका साखरपुड्यात भरल्या ताटावरून उठले. मग अप्पारावांचं मोठं झालं, म्हणून काकासाहेबांचं त्याहून मोठं झालं. तोवर बाकीच्या भावकीला वास लागला होता.

"बरं, नावं मोठी झाली. मग खड्ड्याची पाटी कशी मोठी झाली?"

"सगळ्या अक्षरांचा मूळ साइज एकाच ठिकाणाहून येतो. मीच तसं ठेवलंय. सोपं पडतं."

"कुणाला?"

"मला," सुयशने खरं ते सांगितलं.

सुलेखाच्या हातात पेन्सिल होती. ती मोडली.

तेवढ्यात काकासाहेब स्वतःच जिना चढून वर आले. सुलेखाने त्यांना पाणीही विचारलं नाही.

"काकासाहेब, रस्ता दिसेना झालाय. ही नावं काढा."

"कामून? माणसाला अक्षर दिसलं पायजे का नाय?"

"ट्रॅक्टर दिसला पाहिजे!"

"ट्रॅक्टर काय, रोजच बगतो आमी." काकासाहेब खुर्चीत बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "हे बग पोरी, माझं नाव अप्पारावापरीस बारीक झालं तर गावात इज्जत जाती. अन् त्याचं बारीक झालं तर घरात मालन मला जेवू घालत नाय. तिच्या बहिणीचा नवरा हाय त्यो. तूच सांग, मी करू काय?"

सुलेखाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण ते वडीलधाऱ्या माणसासमोर बोलण्यासारखं नव्हतं. तिने दात-ओठ खात सुयशकडून रविवारच्या आत साइज वेगवेगळे करण्याचं वचन घेतलं. सुयशने दिलंही. पण मग कुणाच्या मेहुण्याचं नाव राहिलं, कुणाच्या नावापुढे 'माजी सरपंच' लिहायचं राहिलं, असे फोन येत राहिले आणि मूळ काम तसंच पडलं.

रविवारी बिडकीनहून जीपा भरून पाहुणे आले. करुणा मॅडमना कोपऱ्यातली खुर्ची मिळाली, तीही एक म्हातारे गृहस्थ गच्चीवर तंबाखू मळायला गेले म्हणून. प्रोजेक्टर लागला आणि भिंतीवर नावं यायला लागली. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. ज्याचं नाव यायचं तो उठून त्याखाली उभा राहायचा आणि फोटो काढून घ्यायचा. एकाचा फोटो हुकला.

"मागं घ्या! मागं घ्या!" ओरडा झाला आणि सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सुलेखा दाराला पाठ टेकवून उभी होती.

अखेर गेम आला. आभाळभर 'डिझेल' हा शब्द पसरला होता. 'वेग' ट्रॅक्टरवर बसला होता. काकासाहेबांनी मोठ्या रुबाबात ट्रॅक्टर सोडला आणि पहिल्याच वळणावर सगळी मोसंबी रस्त्यावर आली.

"खड्डा कुटंय पण?" काकासाहेब गरजले.

"अक्षराखाली!" पाहुणे एका सुरात ओरडले.

करुणा मॅडमनी पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन लावली. ती चेन सुलेखाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली, आणि डोळ्यांसमोर कचरूशेठची खुर्ची उभी राहिली. मग तिचा तोल गेला.

"सरक!" तिने सुयशला ढकललं आणि माऊस ओढून घेतला. "ह्यो गेम हाय, चौकातला बोर्ड नाय! वर्षभर डोळे फोडून अक्षरं काढली ती काय तुमचे रुसवे-फुगवे काढायला? कुणाच्या ताटावरून कुणी का उठंना, माझ्या अक्षराला हात लावायचा नाय!"

तिने सर्वांदेखत सगळ्याच अक्षरांचा साइज पूर्वीइतकाच, एकसारखा केला आणि गेम पुन्हा सुरू केला. भिंतीवरची सगळी नावं आक्रसली. काकासाहेबांचा चेहरा पडला. अप्पाराव मात्र उठले, भिंतीपाशी गेले, आधी काकासाहेबांचं नाव वितीने मोजलं, मग स्वतःचं.

"सारकंच हाय," त्यांनी जाहीर केलं. "समदेच बारीक झाले का? मंग काय हरकत नाय."

नावं सरली आणि रस्ता मोकळा दिसला. करुणा मॅडमनी पर्स बाजूला ठेवली आणि स्वतः ट्रॅक्टर हाती घेतला. पाट्या येत होत्या, वाचल्या जात होत्या, खड्डे चुकत होते. एकही मोसंबी न सांडता ट्रॉली मोंढ्यात पोचली.

"रस्त्यावरून नजर काढावीच लागत नाही," त्या म्हणाल्या. "ही अक्षरं कुणी केली? त्यांचं नाव कुठे दिसलं नाही."

सगळी भावकी भिंतीकडे बघायला लागली. भिंतीवर मोसंबी होती.

"मी," सुलेखा म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता, त्यामुळे ते धमकीसारखं ऐकू आलं.

"गेम आम्ही घेतो. फक्त या अक्षरांना आता कुणी हात लावायचा नाही."

त्या रात्री सुलेखा किती तरी दिवसांनी पोटभर जेवली.

दोन दिवसांनी ती कामाला निघाली, तर चौकात भलामोठा फ्लेक्स. काकासाहेब हात जोडून उभे, शेजारी तेवढेच अप्पाराव. खाली सगळी भावकी. 'सुंदर अक्षरांबद्दल हार्दिक अभिनंदन' हा मजकूर इतक्या जाड्याभरड्या अक्षरांत होता की वेलांट्या एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. ती संतापून जवळ गेली आणि आपलं नाव शोधत राहिली. शेवटी कोपऱ्यात, छापणाऱ्याच्या मोबाइल नंबराच्या वर तिला ते सापडलं. तिने तिथूनच फोन लावला.

"कचरूशेठ, पुंडलिकनगरचा फ्लेक्स तुमचाच ना?"

"व्हय ताई! आवडला का?"

"अभिनंदन कुणाचं आहे? माझं. अन् माझंच नाव मुंगीएवढं? अप्पारावांचं बघा!"

"मंग काय करू म्हंता?"

सुलेखाने आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. तिने फोन तोंडाजवळ धरला.

"मोठं करा."

"करतो की. अन् रंग?"

तिने पुन्हा एकदा फ्लेक्सकडे पाहिलं.

"अप्पारावांचं सोनेरी आहे ना?"

"हाय."

"मग करा सोनेरी," सुलेखा म्हणाली आणि तिने रागाने फोन ठेवला.