शेळ्यांमागची शाळा

"उद्यापासून या वाडीत स्वीडन!" अमृतराव गुरुजींनी पारावर जाहीर केलं, तेव्हाच कुणीतरी त्यांचं तोंड धरायला हवं होतं. पण धरणार कोण? डोंगरकड्याजवळच्या त्या वाडीत शिकलेले तेवढेच, आणि त्यात हिंगोलीहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेले!

"तिकडं लेकरं वर्गात कोंडत न्हाईत," गुरुजी म्हणाले. "जंगलात पाठवतात. झाडं मोजली की गणित, पाखरं पाहिली की विज्ञान!"

"आन् शेळ्या मोजल्या तर?" मसाजी धनगरानं विचारलं.

"तेही गणितच की!"

मसाजीचा चेहरा खुलला. त्याची पंचफुला ही वाडीतली चौथी गाठलेली पहिली पोरगी. तिला शाळेतून काढायला तो वर्षभर निमित्त शोधत होता, आणि तिला राहू द्या म्हणून गुरुजी वर्षभर त्याच्या हातापाया पडत होते. आता निमित्त घरपोच आलं.

सोमवारी बावीस पोरं ओढ्याकाठी गेली. मंगळवारी नऊच आली. शनिवारी खोलीत गुरुजी आणि खडू! जमनाबाईनं तर आपली दोन्ही पोरं कापूस वेचायला घातली. "बोंडं मोजून राहिलेत, गुरुजी! बराबर हाय ना?"

गुरुजी धावत मसाजीकडे गेले. "पंचफुलाला पाठवा हो!"

"काहून? शेळ्यांमागं शाळाच करून राहिली की ती. तुमीच म्हणलात!"

पोरीचं वाटोळं आपणच केलं, हे त्यांना पुरतं कळलं.

त्यात तपासणीला साहेब आले. रिकामी खोली पाहून गुरुजी घाबरत घाबरत म्हणाले, "लेकरं... स्वीडनला गेलीत."

"वा!" साहेब उडालेच. "तालुक्यात ही पद्धत इतकी पुरी कुणीच राबवली नाही!" आणि त्यांनी लगेच शेरा मारला: इथे खोलीची आणि शिक्षकाची गरज उरलेली नाही. गुरुजींनी हट्टा गावच्या मोठ्या शाळेत जाऊन इतर शिक्षकांना तयार करावं.

शाळेला कुलूप लागलं. गुरुजींना हार मिळाला.

निघताना फाट्यावर पंचफुला शेळ्या घेऊन उभी होती. "गुरुजी, बेचाळीस हायेत. आता हे कुठं लिहू?"

गुरुजी खिशात खडू शोधू लागले.

"तिकडची लेकरं मोजून झाल्यावर वर्गात परत येतात ना?"

गुरुजींनी मान खाली घातली. तो भाग प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी शिकवणार होते. तिसऱ्या दिवशी गुरुजी सकाळच्या यष्टीनंच घरी पळाले होते.