दारात धापा टाकू नयेत

माणसाने श्वास घ्यावा, त्याला कोणाची हरकत नाही. पण तो आपापल्या घरी घ्यावा. दुसऱ्याच्या दारात उभं राहून, तोंड उघडं टाकून, छाती खालीवर करत श्वास घेणं हे चांगल्या घरच्या माणसाचं लक्षण नाही. हे मी माझ्याच पोराबद्दल लिहिते आहे, तेव्हा बाकीच्यांनी अंगाला लावून घेऊ नये.

संघर्ष माझा थोरला. आम्ही सातपूरला राहतो. तो एका कंपनीचा टेम्पो चालवतो आणि लोकांनी फोनवर बोट ठेवून मागवलेल्या जड वस्तू त्यांच्या घरी पोचवतो. हलकं सामान मोटारसायकलवाली पोरं नेतात. कपाट, वॉशिंग मशीन, आणि घरातल्या घरात चालायला लोक घेतात ते पट्ट्याचं मशीन, हे याच्याकडे. (चालायचं मशीन स्वतः चालत येत नाही. ते संघर्षच्या पाठीवर बसून येतं.)

गंगापूर रोडच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर मनालीताई राहतात. त्यांनी घरघंटी मागवली. बाहेरच्या चक्कीचं पीठ अंगी लागत नाही असं त्यांना कळलं होतं. घरघंटीच्या खोक्यावर चित्र असतं: दोन माणसं, दोन्ही बाजूंनी खोकं उचलताहेत, खाली लिहिलेलं, दोघांनी उचलावे. कंपनी हा नियम काटेकोर पाळते. एक माणूस ती पाठवते, दुसरा खोक्यावर छापलेलाच असतो.

सोसायटीला लिफ्ट आहे. चांगली आहे, आत आरसा आहे. बाहेर पाटी आहे: लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी, सामान जिन्याने न्यावे. ही पाटी पूर्ण विचार करून लावलेली दिसते. वजन उचलायच्या यंत्रावर वजन ठेवलं तर ते खराब होणारच. माणसाच्या पाठीचं तसं नाही. ती खराब झाली तर सोसायटीला मेंटेनन्स पडत नाही.

तर संघर्षने खोक्याला पट्टा घातला, खोकं पाठीवर घेतलं आणि चार मजले चढून मनालीताईंची बेल वाजवली. इथवर त्याचं काही चुकलं नाही. दार उघडलं आणि त्याने मात्र आईबापाचं नाव घालवलं. तो धापा टाकू लागला. वर पाणी मागितलं.

मनालीताईंनी तिथल्या तिथे फोनवर लिहिलं: माणूस दारात धापा टाकत होता, बाळ घाबरलं. दोन स्टार. बाळाला वाटलं असेल, आपल्या घरात काही जड आलं की असा आवाज होतो. एवढ्या लहान वयात बाळाला हे कळू नये, हे बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी महेशसाहेबांनी संघर्षला बोलावलं. महेशसाहेब कंपनीत पोरांवर लक्ष ठेवतात. वयाने लहान, बोलायला गोड. कोणावर ओरडत नाहीत, नुसती आयडी बंद करतात. आयडी बंद झाली की माणूस तोच राहतो, टेम्पो तोच राहतो, फक्त काम येत नाही. अशी आणखी एक तक्रार आली की तुझी आयडी बंद, असं त्यांनी हसून सांगितलं आणि श्वासाबद्दलचं नवं धोरण समजावलं. ते असं, की ग्राहकासमोर श्वास सौम्य ठेवावा. चौथ्या मजल्याचं पार्सल असेल तर तिसऱ्यावर थांबून जो काही श्वास घ्यायचा तो घेऊन टाकावा, तोंड पुसावं, मग हसतमुखाने वर जावं. कंपनीने पाहणी केली आहे. शंभरातल्या नव्वद ग्राहकांना हसतमुख माणूस आवडतो. (राहिलेल्या दहांनी दार उघडलं नव्हतं.)

संघर्ष तिसऱ्या मजल्यावर थांबायला लागला, तर फोनमध्ये लाल खूण यायला लागली: विनाकारण थांबला. श्वास हे कारण त्या यादीत नव्हतं. पंक्चर होतं, ट्रॅफिक होतं, देवाची मिरवणूक होती. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी सोसायटीत कळवलं, की अनोळखी माणसं आमच्या दाराशी बसून श्वास घेतात. दुसऱ्या आठवड्यात जिन्यात पाटी लागली, जिन्यात धापा टाकू नयेत, आणि ती पाळली जाते का ते पाहायचं काम वॉचमन रावजीवर आलं. रावजी सुरगाण्याकडचा, गुडघ्यांनी अधू. तो खालूनच कान देऊन ऐकायचा.

आता श्वास दारात घ्यायचा नाही आणि जिन्यातही घ्यायचा नाही. कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. मी म्हटलं नाही. मी पोराला शिकवायला घेतलं.

सकाळी त्याच्या खांद्यावर गॅसचं भरलेलं सिलिंडर द्यायचं, गच्चीपर्यंत चढवायचं, तोंड बंद. वर गच्चीच्या दारात माझी सून स्नेहा मनालीताई होऊन उभी. त्याने म्हणायचं, "नमस्कार मॅडम, आपलं पार्सल," आणि हसायचं. पहिल्या दिवशी त्याला मॅडमपर्यंतही पोचता आलं नाही. स्नेहाने एक स्टार दिला आणि वर म्हणाली, "अहो, हसताय की रडताय ते तरी ठरवा." पुढे पुढे जमलं. तोंड मिटलेलं, नाक ताणलेलं, चेहरा भरताच्या वांग्यासारखा, पण आवाज म्हणून नाही. लोक खूश झाले. पाच-पाच स्टार यायला लागले. कंपनीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, हसतमुख. मी तो शेजारच्या साळूबाईला दाखवला. ती म्हणाली, "लता, याचे डोळे असे बाहेर का आलेत?" मी म्हटलं, प्रगती.

मग मनालीताईंची घरघंटी परत निघाली. परतीचं कारण त्यांनी लिहिलं: वस्तू फार जड आहे. झाडताना सरकत नाही.

या वेळी मीही टेम्पोत बसले. पोराने ज्या दारात धापा टाकल्या तिथे आईने जाऊन चुकलं म्हणावं, एवढी रीत आम्हाला आहे. खाली रावजीने लिफ्टपुढे हात आडवा केला.

"रहिवासी आहात का, मावशी?"

मी म्हटलं, नाही.

"मग सामानात येता. जिन्याने."

त्याचं बोलणं नियमाला धरून होतं. मी चढले. संघर्ष माझ्या मागे, तोंड मिटून. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता. बेल वाजली, दार उघडलं, आणि मीही धापा टाकू लागले. घराण्याचा दोष, दुसरं काय.

मनालीताई धावल्याच. "अगंबाई, किती दम लागलाय तुम्हाला. मावशी, आत या, बसा." मला खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी आणलं, पाण्याबरोबर गुळाचा खडा आणला. बाळ माझ्याकडे बघून हसलं. घाबरलं वगैरे काही नाही. मनालीताई मनाने चांगल्याच आहेत, हे मी आधीपासून म्हणत होते. नुसतं हातात खोकं नसावं लागतं.

दम बसल्यावर मी संघर्षकडे बोट दाखवून, हा माझा मुलगा, एवढंच म्हटलं. तो दारातच उभा होता. त्याने घरघंटीला पट्टा घातला, बसून खोकं पाठीवर घेतलं आणि उठला. मी माफीची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात मनालीताई माझ्या कानाशी येऊन कौतुकाने म्हणाल्या, "तुमचा हा मुलगा किती शांत आहे. मागे ही चक्की घेऊन दुसराच कोणी आला होता, बाई, नुसता धापा टाकत होता. त्याला काढलं वाटतं?"

संघर्ष त्यांच्यापासून दोन हातांवर होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही. तो हसला, ठरल्याप्रमाणे.

मी माफी पोटात ठेवली, गूळ खाल्ला आणि उठले.

तुमच्याही दारात तो येऊन गेला आहे. सातपूर, सिडको, गंगापूर रोड, सगळीकडे जातो. कपाट कुठल्या रंगाचं होतं ते तुम्हाला सांगता येईल. माणसाचं तोंड आठवतं का बघा. नसेल आठवत तर दोष तुमचा नाही, त्याला मीच शिकवलं होतं.

तो जिना उतरायला लागला. पहिल्या वळणावर त्याच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली होती आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. वर मनालीताई अजून दारात होत्या, फोन हातात. तिसऱ्या मजल्याची दारं उघडी होती. खाली रावजी कान देऊन. आणखी एक तक्रार, की आयडी बंद. मी कठडा धरला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हटलं,

"संघर्ष, तुझं वागणं चुकलंच होतं. त्या दिवशी तू फार हळू धापा टाकल्यास, म्हणून ह्यांच्या लक्षात राहिला नाहीस. खोकं टेकव त्या पायरीवर आणि तोंड उघड. आयडीचं मी बघते."